नेहमी भरलेली बाटली

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, अक्का, नर्सच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहून द्या. मी त्यांना कॉफी दिली आणि इस्पितळात गमतीजमती असतात हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारलं. ते नुसते हसले. माणूस भला आहे, आजवर कधी खाटेला खिळलेला नाही. त्यांच्या समाधानासाठी सुरुवातीला एकदोन हसण्याजोग्या गोष्टी सांगते. पुढचं हसण्याजोगं नाही. चकली खात खात अंक चाळणाऱ्यांनी माझी पानं उलटून पुढे गेलं तरी मला राग येणार नाही.

आम्ही शिंदे बेंगळुरूचेच. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलो आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबरठ्यावर दोन्हींची जी खिचडी होते ती आमची बोली. मी नर्स होणार म्हटल्यावर घरात बरेच दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. परक्यांची घाण काढायला आपली मुलगी जाणार, याचं दुःख. शेवटी आमच्या अण्णाने, म्हणजे थोरल्या भावाने, आईची समजूत काढली. पुढे हेच सगळे नातेवाईक पोटदुखीपासून बाळंतपणापर्यंत प्रत्येक कामाला माझं नाव सांगत इस्पितळात येऊ लागले. इस्पितळाचं नाव मी सांगणार नाही, कुणी विचारूही नये.

आता नर्स पाकीट फाडते, आतली सुई-नळी काढते, वापरते आणि फेकून देते. आमच्या वेळी फेकण्याची चैन नव्हती. सुया उकळायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासून धार काढायची, टोकाला आकडा आलाय का ते कापसावरून ओढून बघायचं. रबरी नळ्या धुवायच्या, उकळायच्या आणि चिकट होऊन तुटेपर्यंत वापरायच्या. सलाईन इस्पितळातच तयार व्हायचं, काचेच्या बाटल्यांत. ते शिरेतून सुरू केलं की पुष्कळदा थोड्या वेळाने पेशंटला हुडहुडी भरे, दात वाजत, खाट हले. आम्ही वर ब्लँकेट टाकायचो, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवायचो आणि नातेवाइकांना सांगायचो, घाबरू नका, ड्रिपची थंडी आहे, उतरेल. बहुतेक वेळा उतरायची, म्हणून आम्हीही तिचा फारसा विचार करायचो नाही.

लोकांचा मात्र ड्रिपवर फार विश्वास. चिकपेटेतला एक कापडाचा व्यापारी ताप उतरला तरी घरी जाईना. शेजारच्या खाटेवर जीवनसत्त्व घातलेली लालसर बाटली टांगली होती आणि आपल्याला साधी पांढरी दिली, हा त्याला अपमान वाटत होता. वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांनी, हाउसमननी, कंटाळून त्यालाही लाल लावली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो बाटलीकडे बोट दाखवून तिची थोरवी सांगे. अशा माणसांवर ओरडायचा मला फार हुरूप असे, पण त्या दिवशी मीही हसले.

दुसरे एक बसवनगुडीतले शास्त्री. जखमेला हात लावू देईनात. मी त्यांना म्हटलं, आजोबा, हेही सोवळंच आहे. हात धुतले की त्या हातांनी दुसऱ्या कशाला शिवायचं नाही, पदराला नाही, खाटेला नाही, स्वतःच्या नाकालाही नाही. शिवलं की पुन्हा धुवायचे. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. त्या दिवसापासून ते आमच्या हातांवर असे डोळे ठेवून बसत की एका तरुण डॉक्टरने कान खाजवला तर त्याला त्यांनी परत नळावर पाठवलं. आमच्या घरी सोवळ्याचं स्तोम कधी नव्हतं, पण पुढे नव्या मुलींना मी हेच उदाहरण द्यायची. पुस्तकापेक्षा ते त्यांना लवकर कळायचं.

झालं, गमतीजमती संपल्या.

माणसाचा रक्तदाब उतरला की हातापायाच्या शिरा आत बसतात, सुई कुठे घालावी कळत नाही. मग डॉक्टर घोट्याजवळ नाहीतर कोपरात कातडी कापून शीर उघडी करत, तिला बारीक छेद देऊन आत प्लॅस्टिकची नळी सरकवत आणि दोऱ्याने बांधत. एकोणीसशे साठच्या पुढच्या वर्षांत आमचे सर्जन डॉ. रंगस्वामी विलायतेहून परतले ते याच्या पुढची पायरी शिकून. कोपरातून घातलेली नळी ते दंडातून, खांद्याखालून, थेट काळजाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेत. आम्ही तिला लांब नळी म्हणू लागलो. ती एकदा बसली की कित्येक दिवस पेशंटला टोचाटोची नाही, पाणी, औषध, रक्त सगळं तिच्यातून. गेल्यात जमा असलेली माणसं त्या नळीच्या जोरावर उठून बसलेली मी पाहिली आहेत. आमच्या बायकांच्या सर्जिकल वॉर्डाला तिचा मोठा अभिमान होता.

पण बाहेरच्या जगातून काळजापर्यंत दार उघडं ठेवायचं तर राखणही तशीच हवी. डॉ. रंगस्वामींनी शिस्त घालून दिली होती. नळी जिथून आत जाते ती जागा रोज लोशनने पुसायची. लोशन म्हणजे जंतुनाशक. औषधालयातून दाट यायचं, वॉर्डात पाणी घालून पातळ करायचं. शिवाय जिथे ही नळी ड्रिपच्या रबरी नळीला जोडलेली असते त्या सांध्यावर लोशनमध्ये भिजवलेली गॉजची पट्टी गुंडाळायची आणि ती सुकू द्यायची नाही. ही पट्टीची कल्पना आमच्या वॉर्डाची, डॉक्टरांना ती आवडली होती. त्यासाठी लांब नळीच्या प्रत्येक खाटेच्या उशाशी तिवईवर लोशनची एक मोठी, बुचाची काचेची बाटली ठेवलेली असे. पेशंट बदलले तरी बाटल्या त्याच राहत.

त्या बाटल्या भरायचं काम वेंकटम्माचं. ती आमची थोरली आया, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, तरी मला अक्काच म्हणायची. तिच्या हाताखाली आम्ही सगळ्या नर्सा लहानाच्या मोठ्या झालो. आता एक रीत सांगते, ती तुमच्याही घरी असेल. तांदळाचा डबा, मिठाची बरणी, कुंकवाचा करंडा आपण पुरता रिकामा होऊ देत नाही. तळाशी मूठभर राहिलेलं असतानाच वरून नवं भरतो. कन्नड घरांतही हेच. रिकामं भांडं मांडून ठेवणं म्हणजे अवदसेला पाट मांडणं. वेंकटम्मा बाटली अर्ध्यावर आली की वरून भरायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि आम्हाला कुणाला ते खटकलंही नाही, कारण आम्ही सगळ्या तसल्याच घरांतून आलेल्या. बाटली धुवायला हवी हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण धुण्यासाठी ती आधी रिकामी व्हावी लागते, आणि ती कधी रिकामीच होत नव्हती. मेट्रन फेरीला येत तेव्हा काठोकाठ भरलेल्या बाटल्या बघून त्यांचा चेहरा खुले.

सुमती देवधर आमच्याकडे आली ती स्ट्रेचरवरून, पोट फळीसारखं कडक झालेलं. वय पंचविशीच्या आतलं. नवरा पुण्याचा, इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. लग्न होऊन ती वर्षभरापूर्वी बेंगळुरूला आलेली आणि राजाजीनगरच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांत संसार मांडलेला. विषमज्वर अंगावर काढला आणि आतड्याला भोक पडलं. डॉ. रंगस्वामींनी लगेच पोट उघडलं, भोक शिवलं, पोट धुऊन काढलं. शिरा सापडत नव्हत्या, म्हणून उजव्या कोपरातून लांब नळी घातली. आतडं शिवलेल्या पेशंटला तोंडाने थेंबभर पाणी देता येत नाही, तेव्हा तिचं सगळं जगणं त्या नळीवर होतं.

शुद्धीवर येताच तिने पाणी मागितलं. मी म्हटलं, "स्वल्प थांबा, ओठ ओले करते." तिने डोळे उघडले. नाकात नळी असताना माणसाला हसता येत नाही, पण ती हसली. मराठी बोलणारं कुणी भेटलं याचा तिला एवढा आनंद झाला की मग स्वल्प म्हणजे काय, सरी म्हणजे काय, हे ती मला विचारत सुटली. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, मी सांगितलं. वर्षभर तिने राजाजीनगरच्या भाजीवालीशी बोटांनी व्यवहार केला होता. माझं मराठी ऐकून तिला गंमत वाटायची आणि ती तसं तोंडावर सांगायची. वेंकटम्माशी तर तिची भाषेवाचूनच गट्टी जमली. वेंकटम्मा रोज तिचे केस विंचरून वेणी घाली आणि टोकाला गॉजची पांढरी फीत बांधी. दोघी आपापल्या भाषेत बोलत राहायच्या, आणि दोघींचं व्यवस्थित चालायचं.

देवधर भेटीच्या वेळेला येत आणि तिच्या उशाशी तिवईला लागून असलेल्या स्टुलावर बसत. अबोल माणूस. तीच बोलायची. घरी गेल्यावर काय काय खायचं, ते. मऊ भात, तूप, मेतकूट, आणि ते मेतकूट पुण्याहून आईनेच पाठवलेलं हवं, इथलं नको. मी तिला म्हणायची, आधी पोटात आवाज येऊ देत, मग मेतकूट. एके दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि मान डोलावली. आतडं चालू झालं होतं. दोन चमचे पाणी द्या म्हणाले. ती ते पाणी इतकं जपून प्यायली की मलाच भरून आलं.

त्याच दुपारी तिला हुडहुडी भरली. आम्ही नेहमीसारखं ब्लँकेट टाकलं, ड्रिपची बाटली आणि रबरी नळी बदलली, देवधरांना सांगितलं की ड्रिपची थंडी आहे. ती उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली, तेव्हा नवी बाटली लावलेलीही नव्हती. ताप चढला तो उतरेना. सुमतीचं बोलणं कमी झालं, नखं निळसर दिसू लागली.

डॉ. रंगस्वामींना वाटलं पोटात पुन्हा कुठे पू साठला असेल. उद्या परत उघडावं लागेल, ते म्हणाले. मी म्हटलं की पोट मऊ आहे, ती खायला मागतेय. ते म्हणाले, मलाही मऊच लागतंय, पण ताप कुठून तरी येतोय ना. मग मी नळीचं विचारलं. गेल्या दोनेक महिन्यांत लांब नळीच्या आणखी दोघींना असाच ताप आला होता. त्यांतली एक गेली होती, आणि तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते मूळ दुखण्याच्या नावावर टाकलं होतं. डॉक्टर रागावले नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, ती नळी आहे म्हणून ती आहे. मला दुसरी एक शीर दाखवा, मी आत्ता काढतो." मी दोन्ही हात आणि दोन्ही पाय पट्टा बांधून शोधले. एकही शीर हाताला लागली नाही. ज्या नळीचा संशय होता तीच नळी तिला जगवत होती.

त्यांनी एक केलं, पोट उघडणं दिवसभर पुढे ढकललं आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉ. मिस पिंटो यांना बोलावलं. लहानशा चणीच्या बाई, आवाज भसाडा, कामाला कठोर. त्यांनी सुमतीचं रक्त घेतलं आणि मला सांगितलं, या नळीला काय काय शिवतं ते सगळं माझ्यासमोर ठेवा. हात, चिमटे, गॉज, स्पिरिट, सलाईन, लोशन. त्यांनी प्रत्येकातून थोडं थोडं काचनळ्यांत घेतलं. जाता जाता विचारलं की पुरुषांच्या वॉर्डातही लांब नळ्या आहेत, तिथे असे ताप का नाहीत? तिथे ओल्या पट्टीचा उत्साह कुणाला नव्हता. कोरडा गॉज बांधून मोकळे होत. मी तसं सांगितलं, आणि सांगताना त्या वॉर्डाला नावं ठेवली. डॉ. पिंटोंनी तेवढं टिपून घेतलं.

जंतू वाढायला वेळ लागतो. तोवर सुमतीला पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसीन, जे होतं ते सगळं दिलं. मग डॉ. पिंटोंनी आम्हा दोघांना, डॉ. रंगस्वामींना आणि मला, खाली प्रयोगशाळेत बोलावलं. दोन काचेच्या बशा टेबलावर होत्या. दोन्हींत हिरवट थर वाढला होता. त्यांनी झाकण उचललं आणि गोड वास आला, आपल्याकडे हातगाडीवर निळी द्राक्षं येतात त्यांच्यासारखा. एक बशी सुमतीच्या रक्ताची होती. दुसरी तिच्या उशाशी असलेल्या लोशनच्या बाटलीची.

जंतू मारायच्या औषधात जंतू जगतात कसे, हे मला त्यांनी समजावून सांगितलं. दाट लोशनमध्ये ते मरतात. पातळ केलेल्या लोशनमध्ये, बुचाच्या भोकांत, तळाच्या साक्यात काही चिवट जंतू तग धरतात आणि त्यांना त्या औषधाची सवय होते. वरून ताजं ओतलं की ते नव्यातही पसरतात. कालच्या दह्याचा चमचा नव्या दुधात पडावा तसं ते चाललं होतं. ते पाणी आम्ही दिवसातून कित्येकदा काळजाला जाणाऱ्या नळीच्या सांध्यावर शिंपडत होतो. आम्ही पोटात पू शोधत बसलो होतो, काखेत कळसा नि गावाला वळसा. ज्या वॉर्डाने जास्त काळजी घेतली तिथेच ताप जास्त, हे मला आजही पचत नाही.

डॉ. रंगस्वामींनी वर येऊन स्वतःच्या हाताने नळी काढली. मग पाणी द्यायचं कसं? मी शिकत होते त्या काळची एक जुनी पद्धत होती, दोन्ही मांड्यांच्या कातडीखाली जाड सुया घालून हळूहळू सलाईन सोडायचं. मांड्या फुगून दगड होतात, फार दुखतं. तरुण नर्सांनी ती कधी पाहिली नव्हती. मी सुया घातल्या, आणि आतडं चाललंय म्हणून चमच्याने पाणीही देत राहिले. दुखतंय का विचारलं तर सुमती म्हणाली, "स्वल्प."

या जंतूवर चालणारं औषध आमच्याकडे नव्हतं, मद्रासला होतं. देवधरांचे एक सहकारी मेल गाडीने गेले आणि ते घेऊन आले. ते दिल्यावर ताप थोडा उतरला. त्या सकाळी तिने वेंकटम्माला खुणेने केस विंचरायला सांगितले. मला वाटलं, जिंकलो. असं वाटू द्यायचं नसतं हे नर्सला कळायला हवं, पण वाटलं. दुपारी रक्तदाब उतरत गेला. कारखान्यात निरोप पाठवला, देवधर धावत आले, तिचा हात धरून बसले. भेटीची घंटा व्हायच्या आधी ती गेली.

डॉ. रंगस्वामींनी त्यांना सांगितलं की रक्तात जंतू पसरले होते. ते खरं होतं. कुठून पसरले, हे देवधरांनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. मला त्यांनी बाजूला घेऊन म्हटलं, देवधर विचारतील त्या दिवशी खोटं बोलू नका.

वेंकटम्माला मी सांगितलं. तिला आधी कळेचना. म्हणाली, "पण अक्का, मी ती एक दिवस रिकामी राहू दिली नाही." मग हळूहळू कळलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. सुपरिंटेंडंट तिला कामावरून काढायला निघाले होते. डॉ. रंगस्वामी त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाले की मग सर्जनपासून सगळा वॉर्ड काढावा लागेल, कारण बाटली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. वेंकटम्मा राहिली. पण त्या दिवसानंतर तिने एकाही बाटलीला हात लावला नाही.

त्यानंतरची शिस्त मी लावली. लोशनच्या बाटल्या रोज सकाळी मोरीत पूर्ण ओतायच्या, घासायच्या, उकळायच्या आणि व्हरांड्यातल्या मांडणीवर उलट्या ठेवायच्या. बुचं सगळी जाळली. ओली पट्टी बंद. आणि फेरीच्या वेळी प्रत्येक लांब नळीपाशी थांबून डॉक्टरांना विचारायचं, ही आज लागणार आहे का? नसेल तर काढा, उद्यावर टाकू नका. मी दुसऱ्या वॉर्डांतही जाऊन बाटल्या उलट्या करत हिंडायची. मला नावं पडली, मुली पाठीमागे हसायच्या. काहींना सकाळी सकाळी रिकाम्या बाटल्यांची रांग बघवत नसे, त्या गुपचूप एखादी भरून ठेवायच्या. मी ओतून द्यायची. त्यावरून भांडणं झाली, एकीने माझी तक्रारही केली. मी कुणाचं ऐकलं नाही.

ताप कमी झाले. पुरते गेले नाहीत, पण कमी झाले. याचा अभिमान वाटतो का, असं मला माझी भाची विचारते, तीही नर्स आहे. वाटतो. पण ज्या बायका वाचल्या त्या कोण, हे मला कधीच कळणार नाही. त्यांना काही झालंच नाही, टाके काढून घरी गेल्या, मला विसरल्या. गेली ती कोण, एवढंच मला माहीत आहे.

काही आठवड्यांनी देवधर आले. भेटीची वेळ नव्हती, वॉचमनने ओळखून सोडलं. हातात कागदात गुंडाळलेली एक साडी होती, सुमतीची, इरकली, फारशी न नेसलेली. आजारात तिने सांगून ठेवलं होतं की घरी जाताना ही वेणी घालणाऱ्या बाईंना द्यायची. वेंकटम्मा पुढे आली, साडी पाहिली आणि हात पाठीमागे घेऊन मागे सरली. ती रडायला लागली, आणि कन्नडमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणू लागली, की मला नको, मला देऊ नका. देवधरांना शब्द कळत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "या असं का म्हणताहेत?"

आता त्यांनी विचारलं होतं. मी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. पट्टी, बाटली, वरून भरणं, तळाचा साका, द्राक्षांचा वास. माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत, कारण या गोष्टींना मराठीत काय म्हणतात हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. माझं झाल्यावर ते आत गेले, वेंकटम्माचे हात पाठीमागून पुढे आणून त्यांवर साडी ठेवली आणि म्हणाले, "तिने सांगितलं होतं."

मग परत व्हरांड्यात आले. मांडणीवरच्या उलट्या बाटल्यांपाशी उभे राहिले. बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"कारखान्यात लोखंड कापताना हत्यारावर तेलपाणी सोडतात. टाकीत कमी झालं की कामगार वरून भरतात. नुसतं वरून भरत गेलं की ते सडतं, घाण मारतं. म्हणून दर शनिवारी टाकी पूर्ण उपसायची, घासायची, कोरडी करायची, हा नियम तिथे मीच केला आहे." त्यांनी मांडणीकडे बोट दाखवलं. "ती बाटली माझ्या कोपराशी असायची. तळाशी गढूळ दिसायचं मला. रोज दिसायचं. मला वाटलं, इस्पितळातलं औषध आहे, ते असंच असणार."